खापऱ्यांतला एम्. ए.

माणसाने खुशाल एम्. ए. व्हावं, पण कशात झाला ते चारचौघांत सांगू नये. मी ते सांगितलं, आणि तेही आमच्या गावच्या पारावर, बाजाराच्या दिवशी. "पुराणवस्तुशास्त्रात," असं मी म्हणालो आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, माणसं भारावली. खरं म्हणजे कोणीतरी याचा अर्थ सांगेल म्हणून ती थांबली होती.

अर्थ सांगितला आमच्या शेजारच्या उत्तमरावांनी. उत्तमराव म्हणजे गावातल्या प्रत्येक कार्यातले बिनपगारी सल्लागार. कोणाची विहीर कुठे खणावी, कोणाची पोरगी कुठे द्यावी, कोणाच्या बैलाला काय झालंय, हे सगळं त्यांना त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळत असे.

"म्हंजे असं पाहा," ते म्हणाले, "जुन्या काळची गाडगी, मडकी, फुटकी खापरं. ते येचाचं, धुवाचं अन् त्याच्यावर बुक लिहाचं."

"अन् मंग?" कोणीतरी विचारलं.

"मंग काय? एम्. ए.!"

पारापलीकडे वांगी घेऊन बसलेल्या झुंबरबाईने गालाला हात लावला. "आव माय! मंग आमच्या उकिरड्यावर त लय एम्. ए. पडले हायेत."

त्या दिवसापासून गावात माझं नाव 'खापऱ्या एम्. ए.' पडलं. नागपूरला खाणावळीची डाळ पिऊन, डोळे फोडून मिळवलेली पदवी वांग्याच्या पाटीशेजारी अशी निकालात निघाली.

मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण माझ्याहून जास्त लागलं ते बाबांना. माझे बाबा शेषराव म्हणजे थोडीशी कोरडवाहू जमीन कसणारा सरळ माणूस. स्वतः दुसरीच्या पुढे गेले नव्हते. पोरगा शिकतो म्हणतो तर शिकू द्यावं, एवढंच त्यांनी ठरवलं आणि ते निभावलं. मी काय शिकतो हे त्यांना कधी समजलं नाही आणि त्यांनी ते मला कधी विचारलंही नाही. पारावर कोणी छेडलं की डोक्यावरचा पटका सारखा करून ते म्हणत, "सरकारच्या कामाचं हाय ते. तुमाले नाई समजाचं." मग घरी येऊन आईला हळूच विचारत, "काव रुक्मिणे, सरकार खापरं घेते ना वं?"

सरकार खापरं घेत होतं, नाही असं नाही. पण फार घेत नव्हतं. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि एवढ्या पसरलेल्या मुलखात माझ्या विषयाची म्हणावी अशी जागा एकच होती, खोदकामावरच्या मदतनिसाची. तिच्यावर बसलेले गृहस्थ रोज पहाटे जोर काढत. वकिलाला भांडणारे मिळतात, डॉक्टरला आजारी मिळतात. आमची गिऱ्हाइकं हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच मेलेली, त्यामुळे धंद्यात कायमची मंदी. मामा म्हणाले, बी. टी. कर आणि मास्तर हो. मेव्हणे म्हणाले, पटवाऱ्याच्या परीक्षेला बस, जमिनीचाच नाद आहे तर तोही जमिनीचाच धंदा आहे.

चिखलीच्या एका वकिलांनी आपली मुलगी शरयू मला दाखवली. मुलगी मला पसंत होती, आणि मीही तिला असावा असा माझा अजून समज आहे. पण वकिलांनी विचारलं, "या लाइनीत वर जायला वाव कितपत?" मी पडलो खरं बोलणारा. म्हणालो, "आमच्यात सगळा भर खाली जाण्यावर असतो." पोहे झाले, चहा झाला, आणि मंडळींनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं. शरयू पुढच्याच वैशाखात एका नायब तहसीलदाराच्या घरी गेली. सुखात आहे असं ऐकतो.

अशात एक दिवस ते जोर काढणारे गृहस्थ पेन्शनीत निघाले. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या प्राध्यापकसाहेबांना खात्याने नाव विचारलं आणि त्यांनी मला नागपूरला बोलावून घेतलं. "नाव मी तुमचंच देईन," ते म्हणाले, "पण खात्याला नुसतं नाव पुरत नाही. हा माणूस कुठे खोदणार, हेही दाखवावं लागतं. तुमच्या प्रबंधातली ती टेकडी मला पाहू द्या. तुम्ही लिहिली तशी ती असेल, तर तिथेच चाचणीचा खड्डा घेऊ, आणि तो तुम्हीच घ्याल." मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना दमा होता. त्या उन्हाळ्यात तो फार वाढला होता. मला नोकरीवर पाहून डोळे मिटावे, असं ते आईजवळ बोलून गेले होते.

आता टेकडीबद्दल सांगितलं पाहिजे. आमचं गाव डोणगावच्या पुढे, बैलगाडीच्या वाटेवर. गावाच्या उगवतीला आमचं शेत आणि शेताच्या बांधाला लागून, आमच्याच हद्दीत, ती टेकडी. उंच म्हणाल तर एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर वरच्याला पलीकडचं दिसेल एवढीच. पण ती देवाने केलेली नव्हती. माणसं राहिली, घरं पडली, त्यांच्यावर पुन्हा माणसं राहिली, चुली पेटल्या, राख साचली, पुन्हा सगळं पडलं, असं होत होत ती उभी राहिली होती. एका अंगाने पावसाने ती कापली होती आणि तिथे थर स्पष्ट दिसत. तळाशी काळी माती, तिच्यावर राखेचा पट्टा, त्याच्यावर पांढरी. तिथे उभं राहून मी थरांवरून हात फिरवायचो आणि त्या जुन्या माणसांशी बोलायचो. हे कोणाला सांगितलं असतं तर गावाने माझ्यासाठी मांत्रिक बोलावला असता.

गावाच्या लेखी टेकडीचा उपयोग एकच. आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे वर कौलं नाहीत, सपाट मातीचं छप्पर. त्या छपरावर घालायला जुन्या वस्तीची पांढरी मातीच लागते. ती पाणी आत येऊ देत नाही आणि घर गार ठेवते. म्हणून दर वैशाखात लोक गाड्या जुंपायचे, टेकडीचा एक लचका तोडायचे आणि धाब्यावर चढवायचे. आमचं गाव पिढ्यान् पिढ्या आपल्याच पूर्वजांचं गाव डोक्यावर घेऊन झोपत होतं. यावर मी प्रबंधात एक तळटीप लिहिली होती आणि परीक्षकांनी तिचं कौतुक केलं होतं.

त्या वर्षी मात्र मी बाबांकडून टेकडीला हात लावायची मनाई करवली. गाव चिडलं. समोरच्या मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून आमच्या ओसरीवर आल्या. "काऊन बे वैजनाथ? तुह्या खापरापायी माह्या घरात पानी गळू देऊ का?" त्यांच्या नातवंडांना पावसात शास्त्राचं महत्त्व सांगता येईल असं मला वाटेना, म्हणून मी मान खाली घातली. बाबाच म्हणाले, "यंदाच्या साली थांब मनकर्णे. पोराच्या जिंदगानीचा सवाल हाय." पोराच्या जिंदगानीपुढे मनकर्णाबाई परत फिरल्या.

प्राध्यापकसाहेब येण्याआधी खड्ड्याची परवानगी हातात हवी होती. मी मेहकरला तहसिलीत गेलो. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"खड्डा कायचा? विहिरीचा?"

"नाही."

"खाणीचा?"

"नाही. जुन्या लोकांचं काय काय पुरलेलं आहे ते पाहायचंय."

"पुरलेलं?" त्याने चष्मा काढला. "मुडदा असन तं पोलिसात जा. सोनं असन तं माह्यासंगं घरी चाला, निवांत बोलू."

मुडदाही नाही आणि सोनंही नाही, नुसती खापरं आहेत, हे पटवण्यात माझी दुपार गेली. खापरांसाठी सरकारकडे वेगळा रकाना नव्हता. शेवटी त्याने मला बुलढाण्याला धाडलं. म्हणजे आता मला बुलढाण्याला जाऊन परवानगी काढायची, तिथून मलकापूरला आगगाडीवर जाऊन साहेबांना उतरवून घ्यायचं, आणि मग मोटार व बैलगाडी करत गावी यायचं.

निघायच्या सकाळी बाबांनी दशम्यांची पुरचुंडी हातात दिली आणि बिचकत विचारलं, "साहेब येऊन करतीन काय?"

"खाली काय हाय ते पाहातीन, बाबा."

"अन् पसंत पडलं तं?"

"तं नोकरी पक्की."

बाबांनी मान हलवली. "तू जाय. इकडली फिकर करू नोको. साहेबाले इथं कायची तकलीफ होनार नाई."

बुलढाण्याच्या कचेरीत माझा अर्ज एका मेजावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर असा फिरत राहिला. तिसऱ्या मेजाचे साहेब लग्नाला गेले होते. ते आले तेव्हा शिक्क्याचा शिपाई लग्नाला गेला होता. लग्नसराईत इतिहास खोदायला निघू नये, एवढा धडा मी घेतला. पण अखेर कागद मिळाला. त्यावर 'विहीर' असा शब्द खोडून 'इतर' असं लिहिलेलं होतं. माझ्या शास्त्राला सरकारदरबारी मिळालेली ही पहिली जागा.

मलकापूरला साहेब उतरले. गोरेपान, कृश, कोटाच्या खिशात खुरपं बाळगणारे. सगळ्या वाटेवर मी त्यांच्याशी टेकडीबद्दल बोलत होतो. डोणगावला आमची गाडी तयार होती. गाव जवळ आलं तशी चाकांखाली करकर सुरू झाली. नेहमीचे खड्डे बुजवलेले दिसले. "रस्ता बरा केलेला दिसतो," मी कौतुकाने म्हणालो. मग वळण आलं आणि मी उभा राहून हात पुढे केला. "साहेब, ती पाहा..."

बाभळी दिसल्या. मारुतीचं देऊळ दिसलं. आमचं शेत दिसलं. टेकडी दिसेना.

मी डोळे चोळले. गाडीवानाला म्हटलं, चुकलास का बे? तो हसला. जिथे टेकडी होती तिथे अंगणासारखी सपाट, शेणाने सारवलेली जागा होती. तिच्यावर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि मांडवात पाटलांकडून आणलेली खुर्ची. खुर्चीभोवती रांगोळी. बाबा नवा पटका बांधून, हातात झेंडूचा हार घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागे सबंध गाव. बाबांचा चेहरा इतका आनंदलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या लग्नात पाहिला असता, पण ते काही जमलं नाही.

हे कसं झालं ते नंतर कळलं. मी गेल्यावर बाबांनी उत्तमरावांना सल्ला विचारला होता. उत्तमराव म्हणाले होते, "डिप्टी कमिशनरचा दौरा आल्ता तव्हा आपुन काय केलं? उकिरडे हलवले, जमीन सारखी केली, मांडव घातला. साहेब लोकायले सपाट लागते. अन् याले तं खालचं पाहाचं हाय म्हन्ते. मंग वरचा ढीग कायले ठेवाचा? म्हाताऱ्या साहेबाले घाम गाळाले लावतं का?" बाबांना ते पटलं. गावाला तर फारच पटलं. वैशाखाचे दिवस, बैल रिकामे, धाबी उघडी, आणि मनाई उठलेली. पोराच्या जिंदगानीचा सवाल म्हणून माणसं रात्रंदिवस राबली, आणि कोणी पैसुद्धा मागितली नाही. मनकर्णाबाईंनी स्वतः टोपल्या वाहिल्या.

बाबांनी साहेबांना हार घातला आणि हात जोडले. "साहेब, वरची सारी अडगळ काढून ठेवली. आता खालचं पाहा खुशाल."

साहेबांनी बुटाच्या टोकाने सारवलेली जमीन चाचपून पाहिली. मग हळू आवाजात विचारलं, "माती कुठे गेली?"

"हे काय!" बाबांनी अभिमानाने गावाकडे हात केला. सगळी धाबी उन्हात पांढरी झळाळत होती. "एक टोपलं वाया नाई घालवलं."

"आणि खापरं?"

"ते बैलाच्या पायात रुततीन म्हनून वाटेतल्या खड्ड्यात भरले. तुमाले हिसके नाई ना बसले?"

"नाही," साहेब म्हणाले. "मुळीच नाही बसले."

त्यांनी खिशातलं खुरपं बाहेर काढलंच नाही. जेवायला आमच्या घरी आले. आईने पुरणपोळी आणि आमरस केला होता. साहेब थोडंच जेवले, पण पोळीची वाखाणणी केली, आणि घर गार आहे असंही म्हणाले.

"गार राहीनच," बाबा म्हणाले. "टेकडीचीच पांढरी हाय वर."

साहेबांनी मान वर करून छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. नोकरी, प्रबंध आणि तळटीप, सगळं आमच्या ताटांवर नीट पसरून, चोपून बसवलेलं होतं. उत्तमराव दुसऱ्यांदा रस वाढून घेत होते.

गाडी जुंपल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वैजनाथराव, यात कोणाचा दोष नाही. पण खात्याला मी काय दाखवू? माती एकदा जागची हलली की ती काही सांगत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको. बी. टी. करा. तुमच्यासारखे मास्तर हवे आहेत." मी मान डोलावली. मागे वळलो तर बाबा उभे होते. साहेबांच्या वाटेसाठी बांधलेल्या पोळ्या त्यांच्या हातात होत्या.

त्यांनी पोळ्या गाडीत ठेवल्या, साहेबांना वाकून नमस्कार केला. गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "माह्यामुळं गेली का रे?"

"नाई बाबा. ती जागा दुसऱ्याले देनारच होते."

मी खरं बोलणारा माणूस असं मी वर म्हटलंय. त्या दिवशी मला ते जमलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते खोटं लगेच कळलं. संध्याकाळी पारावर उत्तमराव म्हणाले, साहेबाला आंबा बाधला असेल, नाही तर असा काऊन गेला असता. बाबा पारावर गेलेच नाहीत. जेवलेही नाहीत.

काही दिवसांनी मी मामांकडे बी. टी.ची चौकशी केली. मृग तोंडावर आला, आभाळ येऊ लागलं. एका सकाळी आईच्या ओरडण्याने मी धावत बाहेर आलो. बाबा धाब्यावर उभे राहून फावड्याने ताजी पांढरी ओरबाडत होते आणि खाली गाडीत ढकलत होते.

"आवं, पानी आलं डोक्यावर!" आई ओरडत होती. "घर उघडं करता का? येड लागलं का काय?"

शेजारी जमले. मनकर्णाबाईंनी हाका मारल्या. उत्तमरावांनी खालून दोन सल्ले दिले. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. दर दोन फावड्यांनी त्यांना खोकला येई, ते फावडं टेकून उभे राहत, आणि पुन्हा लागत. गाडी भरली तशी त्यांनी स्वतः हाकली. मी मागे गेलो.

टेकडीच्या जागी त्यांनी मांडव मोडून टाकला होता आणि मधोमध माती ओतायला सुरुवात केली होती. माझ्या कमरेपर्यंतही येणार नाही असा ढीग. गावातल्या बाकीच्या धाब्यांची माती कोण देणार? आणि देऊन उपयोग काय? शास्त्र मला एका वाक्यात सगळं सांगत होतं, की हललेली माती मुकी असते. ते वाक्य साहेब नुकतंच बोलून गेले होते आणि ते बाबांनीही ऐकलं होतं. ते समजायला मला दोन वर्षं नागपूरला राहावं लागलं. बाबा तर दुसरी पास. मी त्यांना थांबवायला पुढे झालो. पण त्यांच्या भुवयांवर धूळ बसली होती, ओठ निळे पडले होते. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

बाबांनी पाटी उचलली आणि तशीच धरून थांबले. कुठे ओतावी ते त्यांना कळत नव्हतं.

"वैजनाथ," ते म्हणाले, "तू शिकेल हायेस. सांग मले. हे कसं होतं? खाली काय होतं, अन् वर काय होतं?"

मी एम्. ए. झाल्यापासून माझ्या विषयातला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"तळाले काळी होती, बाबा," मी म्हणालो. "तिच्यावर राख. अन् पांढरी सगळ्याच्या वरतं."

"मंग हे चुकलंच," बाबा म्हणाले. त्यांनी पाटी बाजूला ठेवली, ओतलेला ढीग हाताने मागे ओढायला सुरुवात केली, आणि मान वर न करता म्हणाले, "काळी आन पयले."

मी रिकामी पाटी घेतली आणि काळी आणायला शेतात उतरलो.